शिंपीण आणि पुटू

शिंपीण म्हणजे ती बोटाएवढी हिरवट चिमणी. शेपटी वर करून टुणटुण करत फिरते, पान शिवून त्याच्यात घरटं करते. इकडे जबलपुरात हिंदीत दर्जिन म्हणतात. पुटू म्हणजे सरईच्या झाडाखाली (सरई म्हणजे साल), जमिनीच्या आत होणारी गोल वस्तू, गोटीएवढी. आळंब्याच्या जातीची, पण तिला ना छत्री ना देठ. कुंडमच्या जंगलाकडच्या बाया पावसाळ्याच्या तोंडाशी टोपल्या भरून रांझीच्या बाजारात आणतात.

एका चिमणीची आणि एका आळंब्याची तुलना कोणी करत नाही. आमच्या घरी होत असे, आणि ती जन्मभर चालली. बायको शिंपिणीच्या बाजूची, मी पुटूच्या. ती गेल्यापासून दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात. मला तेवढं बोलता येत नाही, म्हणून लिहून काढतो. चार बुकं शिकलो, तीही भंडाऱ्याकडच्या खेड्यात. चुकलं तर वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

मामा इथं तोफांच्या कारखान्यात होता, त्यानं मला आणलं आणि हॅमरवर लावून दिलं. हॅमर म्हणजे साधा हातोडा नव्हे. तो घरापेक्षा उंच. भट्टीतून लाल झालेला लोखंडाचा तुकडा चिमट्यानं धरून त्याच्याखाली ठेवायचा, आणि वरून तो पडायचा. पडला की पायाखालची जमीन हलायची, बाकावरचा जेवणाचा डबा सरकत सरकत कडेला यायचा. सुरवातीला प्रत्येक ठोक्याला छातीत धस्स व्हायचं. मग होत नाही. तिथं कोणी बोलत नसे. हातानं सांगायचं, भुवईनं सांगायचं, फार झालं तर समोरच्याच्या तोंडाकडे पाहून ओठ वाचायचे. काहीजण कानात चिंधीचे बोळे घालत. मी घालत नव्हतो, घाम आला की खाज सुटायची.

लग्न झालं ते एकाहत्तरच्या लढाईच्या आदल्या वर्षी. बायको भंडाऱ्याकडचीच, भरल्या घरातली. आई, काकू, आत्या, चुलत बहिणी, दिवसभर तोंडाचा पट्टा सगळ्यांचा. ती त्यातली सगळ्यात जास्त बोलणारी, हे मला लग्न ठरवताना तिच्या काकूनंच सांगितलं होतं, आणि मी चांगलंच आहे म्हटलं होतं. तिला घेऊन मी रांझीच्या क्वार्टरमध्ये आलो. एक खोली, एक रांधायची जागा, मागं थोडं अंगण. गल्लीत कोणी बिहारचा, कोणी सागरचा, कोणी रीव्याचा. मराठी घर आमचं एकच. तिला हिंदी येत नव्हती. शेजारची भाभी कुंडमच्या बाजूची, मनानं चांगली, पण दोघी एकमेकींशी बोलत त्या बहुतेक हातवारे करूनच.

लढाईच्या वर्षी उन्हाळ्यात कामाचे तास वाढले. लढाई होणार हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मालाचा ढीग पाहून कळतं. रजा बंद झाल्या, रविवार गेला, बारा तासांची पाळी लागली. घरी यायचं, बादलीभर पाणी अंगावर घ्यायचं, जेवायचं, पडायचं. ती चुलीकडे तोंड करून पोळ्या लाटता लाटता बोलत असे. मी पाठीमागं पाटावर बसून जेवत असे. ताट झालं की उठत असे.

"भिंतीसंग लगन लागलं माझं," असं ती रोज म्हणायची. हे तिनंच मला पुढं सांगितलं. तेव्हा ती ते चुलीकडे पाहून म्हणायची.

अंगणात सागाचं एक रोप होतं. आधी राहून गेलेल्या कोणी लावलेलं, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. त्याच्या खालच्या एका पानात शिंपिणीनं घरटं केलं. मी दिवसभर कारखान्यात, त्यामुळे ते सगळं बायकोनं पाहिलं. पानाच्या कडा चोचीनं टोचते म्हणे, मग कोळ्याच्या जाळ्याचा धागा त्यातून ओढते, आणि आत भरायला आमच्याच गादीचा कापूस नेते. बायको मुद्दाम गादीचा एक टाका उसवून ठेवायची. गादी अर्धी झाली असती तरी तिला चाललं असतं.

मी पाळीवरून आलो की ती मला दारातच धरायची.

"ऐका न. कशी वरडून राहिली पाहा. एवढीशी आहे, अन् आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा."

मी थांबायचो. माझ्या कानावर काहीच यायचं नाही. मला वाटायचं ती थट्टा करते. एवढ्याशा पाखराला आवाज असून असून किती असणार. मी म्हणायचो, बरं आहे, आणि आत जायचो. तिचं तोंड उतरायचं. ते मला दिसायचं, पण काहून ते कळायचं नाही.

पुटू माझा. एकटा होतो तेव्हा कारखान्यातल्या एका सोबत्यानं खाऊ घातला होता, तेव्हापासूनचा. बाजारात आला की मी आणायचोच. लग्नानंतर पहिल्यांदा आणला तेव्हा तिनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"हे काय, बकरीच्या लेंड्या आणल्या?"

"पुटू आहे."

"पुटू म्हणजे?"

"सात्यासारखंच."

हे ऐकून ती चिडली. आमच्या भंडाऱ्याकडे वारुळावर सात्या निघतात, पांढऱ्याशुभ्र, छत्री उघडून उभ्या राहतात. शोधणाऱ्याला दुरून दिसतात. पुटू कोणाला दिसत नाही. सरईच्या झाडाखाली पालापाचोळा सारून, जमीन कुठं थोडी तडकलीय का पाहून काडीनं उकरावा लागतो. माती त्याला अशी चिकटलेली असते की पाण्यावर पाणी बदला, शेवटचं पाणीही लालच निघतं. मीच धुतला, मीच कांदा-लसूण-गरम मसाला घालून मटणासारखा केला. तिनं एक उचलून तोंडात टाकला, चावला, आणि मोरीत जाऊन थुंकली.

"माती खाल्ल्यासारखं लागते."

"मला आवडते."

"तुम्हाले आवडेलच. तुमच्याच जातीचं आहे. ना बोलणं, ना दिसणं. जमिनीत पडून राहाचं नुसतं." मग माझ्या समोर बसून, बोट दाखवत म्हणाली, "तिकडे ती शिंपीण पाहा. एवढी चिमटीभर, पण सगळ्या अंगणाले कळते ती आहे म्हणून."

"तुझी शिंपीण पोटात जात नाही."

"सगळं पोटासाठीच असते का?"

मी म्हटलं, हो. बारा तास हॅमरवर उभा राहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार.

आषाढ लागला तेव्हा एक दिवस ती माझं ताट वाढून समोरच बसली. चुलीकडे गेली नाही. म्हणून मला नीट ऐकू आलं.

"दादाले बोलावलं आहे मी. पोळा झाला की येईल न्यायला. जाईन मी."

"किती दिवस?"

"माहीत नाही. आता तरी परत याचं मन नाही माझं."

मी जेवत राहिलो.  तिला मारलं नव्हतं, दारू मी पीत नव्हतो, पगार हातात देत होतो. काय कमी पडलं ते विचारायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "बरं." ती उठून गेली. त्या दिवसापासून घरात जे काही बोलणं शिल्लक होतं तेही थांबलं. ती अंगणात बसायची, शिंपिणीकडे पाहत. आता तिथं पिल्लं झाली होती.

आता तिच्या हातून झालेली चूक सांगतो. ही चूक जबलपूरच्या बाहेर कोणाच्या हातून होणार नाही.

इकडे लोक मानतात की ढग गडगडले की जमीन तडकते आणि पुटू वर येतो. भाभीनं तिला हेच सांगितलं होतं. "बादल गरजता है न दीदी, तब जमीन खुलती है. सरई के नीचे देखो, पुटू ही पुटू." तेवढी हिंदी तोवर तिला कळायला लागली होती. त्या दिवसांत आमच्याकडे ढगांशिवायही गडगडाट चालू होता. कारखान्यात बनलेला माल रेंजवर, म्हणजे तोफा उडवायच्या माळावर, नेऊन वाजवून पाहत, आणि त्या वर्षी तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाजवत. भांडी मांडणीवरून खाली यायची, खिडकीच्या काचा थरथरायच्या. नवीन माणूस दचकायचा, आम्ही घास खाली ठेवत नसू.

पावसात मधेच मोठी उघाड पडली होती. कुंडमच्या बाया बाजारात येईनाशा झाल्या. आणि तिच्या मनात आलं की जायच्या आधी या माणसाला एकदा त्याचं ते मातीचं खाणं करून घालावं. तिनं विचार केला, गरजणं ते गरजणं, ढगाचं काय आणि तोफेचं काय. सरई तिनं कधी पाहिली नव्हती. जंगलातलं मोठ्या पानाचं झाड, एवढं ऐकून होती. अंगणात मोठ्या पानाचं झाड एकच होतं. तिनं खुरपं घेतलं आणि सागाच्या बुडाशी चारी बाजूंनी खणलं. चांगलं कोपरभर खोल. पुटू निघाला नाही. दगड निघाले, आणि मुळं तुटली.

दुसऱ्या दिवशी मी पाळीवरून आलो तेव्हा ऊन अजून होतं. ती मागच्या पायरीवर रडत बसली होती. मी काय झालं विचारलं, तिनं हात केला. साग मान टाकून उभा होता. पानं ओल्या कपड्यासारखी लोंबत होती. शिंपिणीचं पान तर देठातून वाकून एका अंगाला झुकलं होतं, आणि घरट्याचं तोंड तिरपं होऊन पिल्लं कडेला आली होती. उघडी गुलाबी तोंडं, बाकी नुसती कातडी.

मला रागही आला नाही, ताकदच नव्हती. पण वजन कुठं टेकवायचं हे आमच्या कामात पहिल्यांदा शिकवतात. दोन बांबूच्या काड्या रोवल्या, तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून घरट्याखाली झोळी केली आणि दोन्हीकडं बांधली. वरून पोतं ताणलं सावलीला. खड्डा बुजवून पाणी ओतलं. मग ते पान सरळ करून देठाशी दोऱ्यानं बांधायला गुडघ्यावर बसलो. माझी बोटं जाड, भाजलेली. दोरा सुटायचा. कितीतरी वेळ बसलो होतो.

मान वर केली तर बायको समोर उभी. माझ्याकडे अशी पाहत होती की मला वाटलं पिल्लू पडलं.

"काय झालं?"

"ती तुमच्या कानापाशी येऊन वरडून राहिली. केव्हाची."

"कोण?"

"शिंपीण. डोक्यावरून झेपा घेऊन राहिली. अख्खी गल्ली जमा होईल असं वरडते. मी पायरीवरून आवाज देऊन राहिली, हात काढा, डोळा फोडेल म्हणून. तुम्ही हललेच नाही."

मी वर पाहिलं. फांदीवर ती बसली होती. चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती. अंग सगळं हलत होतं. आवाज नव्हता.

बायको माझ्या मागं गेली. थोडा वेळ मागंच राहिली. मग पुन्हा समोर आली.

"मी आत्ता काय म्हटलं?"

"काही नाही म्हटलं."

"मी तुमच्या आईले शिवी दिली."

ती शिवी देणारी बाई नव्हती, म्हणून मी हसलो. मग तिचं तोंड पाहून थांबलो.

"तुम्हाले ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"येते की. आत्ता बोलून नाही राहिलो आपण?"

"समोर आहे म्हणून."

खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. लोकांना हे पटत नाही. पण आमच्या खात्यात सगळेच तसे होते. चहाच्या टपरीवर आम्ही ओरडून बोलायचो आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचो, त्यात वेगळं काही वाटत नसे. खात्याबाहेर आलं की सगळं शांत लागायचं. मला वाटायचं बाहेरचं जग असंच असतं, लोक हळू बोलतात, पाखरं हळू बोलतात. दमलेल्या माणसाला ते बरंच वाटतं. बारीक आवाज आधी जातो, मग मागून आलेला जातो, हे मला फार पुढं एका डॉक्टरनं सांगितलं.

ती तिथंच चिखलात बसली.

"म्हणजे मी इतके दिवस कोणासंग बोलत होती?"

"शिंपिणीसंग," मी म्हटलं.

ती हसायला लागली. रडत होती आणि हसत होती. माझ्या बोलण्यावर ती हसली असं त्या आधी झालं नव्हतं.

पिल्लं उडाली. सगळी नाही. एक खाली पडलं ते मांजरीनं नेलं. तिनं मला सांगितलं नव्हतं, पण मला पिसं दिसली होती. साग मात्र जगला.

त्यानंतर तिनं माझ्याशी बोलायची पद्धत बदलली. बोलायचं असलं की हातातलं काम ठेवून समोर यायची, माझी बाही ओढायची, आणि मग सगळा जोर लावून बोलायची. सुरवातीला मला ती रागावलीय असं वाटायचं. मीही तेवढ्याच जोरानं उत्तर द्यायचो, कारण माझा आवाज मलाही नीट कळत नव्हता. आमच्या घरातलं सगळं गल्लीला कळू लागलं. भाभी तर भिंतीवरून सांगायची, "भैया, नमक कम है आज दाल में, दीदी बता चुकी हैं सबको." एकदा तिची आई आजारी असल्याचं ती मला सांगत होती, तर रीव्याचा शेजारी दारात येऊन विचारून गेला की आता कसं आहे. तिला लाज वाटायची. तरी तिनं आवाज कमी केला नाही.

असंच एकदा समोर बसून तिनं विचारलं, "पुटूत असं काय आहे हो? खरं सांगा."

मी विचार केला. आधी कधी केला नव्हता.

"दाताखाली फुटतो तेव्हा ऐकू येतो."

"काय येतो?"

"कुडुम करून वाजतो. इथं." मी कानाच्या खाली जबड्यावर बोट ठेवलं. "भात वाजत नाही, पोळी वाजत नाही. पुटू डोक्यात वाजतो."

 कुंडमच्या बाया पुन्हा बाजारात आल्या तेव्हा तीच जाऊन घेऊन आली, आणि तीच धूत बसली, पाणी बदलून बदलून. तिला तो जन्मभर आवडला नाही. निवडून मोठे मोठे माझ्या ताटात टाकायची, आणि मी चावत असताना माझ्या जबड्याकडे पाहत राहायची.

पण ती जाणार होती. ते दोघांनाही आठवत होतं. पोळा झाला आणि तिचा भाऊ आला. उंच, मिशीवाला, शेतकीतला माणूस. मला भाऊजी म्हणायचा पण आवाजात भाऊजी नसायचा. पाय धुऊन बसला आणि बहिणीला म्हणाला, "सामान बांधलं का?" हे मी त्याच्या ओठांवर वाचलं.

ती म्हणाली, "दादा, यांना ऐकू येत नाही."

"काय?"

"कानानं कमी आहे यांना. हॅमरमुळे. मले माहीत नव्हतं, यांनाही नव्हतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मग तर चलच तू. आज कान गेले, उद्या नोकरी जाईल. बहिऱ्याले कारखाना ठेवते का?"

"हॅमरवर सगळे बहिरेच आहेत," मी म्हटलं. फार मोठ्यानं म्हटलं असणार, कारण तो दचकला.

"तू बोलवलं म्हणून आलो न मी," तो तिला म्हणाला. "रडून रडून लिहिलं होतं, हा माणूस बोलत नाही, माझा जीव जाते इथं. बोलला का आता?"

"आता कुठं उत्तरं यायले लागली, दादा."

"म्हणजे?"

"पूर्ण वर्ष मी बोलली, यांच्या कानावर पडलंच नाही. आता समोर जाऊन बोलते तर उत्तर देतात. थोडं देतात, पण देतात. आत्ताच कशी येऊ? अर्ध्यात सोडून?"

त्यानं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "वरडून वरडून तुझा गळा फाटेल."

"फाटू दे."

ती राहते असं म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. दिवाळीनंतर पाहू म्हणाली. दिवाळीनंतर लढाई लागली, खिडक्यांना काळे कागद चिकटवले, गाड्यांचा भरवसा राहिला नाही, तेव्हा म्हणाली लढाई संपू दे. लढाई संपली, गल्लीत पेढे वाटले, तोवर ती पोटुशी होती. मग बाळंतपणाला गेली आणि पोराला घेऊन परत आली. तिला आणायला मी गेलो नाही, रजाच मिळाली नाही. ती एकटीच आली, टांग्यातून उतरली आणि मला दारातूनच सगळं सांगायला लागली, गल्लीसकट.

शिंपीण आणि पुटू, हे भांडण मात्र चालूच राहिलं. ती म्हणायची शिंपीण कोणत्याही अंगणात राहते, साग नसला तर वांग्याच्या पानात, नाही तर लिंबाच्या. जे मिळेल ते शिवून घेते. पुटूचा थाट पाहा, त्याला सरईच पाहिजे, दुसरीकडे होत नाही. हे खरं आहे. पुटू कोणाला पेरता आला नाही. सरई तोडली की तिथला पुटू संपतो, मग कितीही गरजू दे. मी ऐकून घ्यायचो. तिला जिंकू द्यायचो असं नाही. ती जिंकतच होती. ती इथं आली, परक्या भाषेत गल्लीभर मैत्रिणी केल्या, पोराला वाढवलं, माझे कान झाली. दुकानदार काय म्हणाला, कंडक्टर काय म्हणाला, डॉक्टर काय म्हणाला, सगळं तिनं समोर येऊन मला सांगायचं. मी तिच्या बुडाशी होतो. ती होती म्हणून होतो.

रिटायर झालो, क्वार्टर सोडलं, रांझीतच लहान घर केलं. पोरगा जबलपुरातच, गोरखपूर मोहल्ल्यात राहतो. त्यानं कानाची मशीन आणून दिली. लावली की पंखा ऐकू येतो, मोटारसायकली ऐकू येतात, भांडी तर अशी वाजतात की काढून टाकावीशी वाटते. माणसाचं बोलणं त्यात बुडून जातं. यंदा पोरानं पुटूही आणला, आता सोन्यासारखा महाग झाला आहे म्हणे. सुनेनं कुकरमध्ये मऊ शिजवला. मला दात राहिले नाहीत. गिळला. काही वाजलं नाही.

ती गेली ती दवाखान्यातच. छातीत पाणी झालं होतं. जन्मभर ओरडणाऱ्या बाईच्या अंगात आवाज उरला नव्हता. नाकात नळी होती, तोंड मोकळं होतं, पण तिची कवळी काढून बशीत ठेवली होती. दातांसकट ओठ मी इतकी वर्षं वाचले होते. दात नसले की ओठ आत जातात, शब्दाचा आकार बदलतो. मला तिचं एक अक्षर वाचता येईना. मी नर्सला म्हटलं कवळी लावा. ती म्हणाली, "नहीं बाबा, गले में अटक जाएगी."

शेवटच्या दिवशी दुपारी तिनं माझी बाही धरली. धरून काहीतरी बोलायला लागली. मी तोंडाजवळ तोंड नेलं, कान नेला, पुन्हा तोंड पाहिलं. काही नाही. मग मी पोराला पुढं केलं. तो तिच्या तोंडाशी वाकला. ती बोलत होती. ओठ हलत होते, थांबत होते, दम घेऊन पुन्हा हलत होते. तिची नजर माझ्याकडे होती, पोराकडे नव्हती. पोरगा मान हलवत होता. त्याला मराठी समजते, बोलायला जड जाते. बोलायचं म्हटलं की हिंदीत बोलतो.

तो सरळ झाला. डोळे पुसले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"मम्मी बोल रही हैं, खाना खा लो."

"आणखी?"

"बस, बाबा. इतनाच."

तिचे ओठ फार वेळ हलत होते. जेवून घ्या, एवढ्याला तेवढा वेळ लागत नाही. मी दोनदा विचारलं, त्यानं दोनदा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, तोही दमला होता. खाली कँटीनमध्ये गेलो. डाळ होती, भात होता. तिनं सांगितलं होतं म्हणून बसून सगळं जेवलो.